गुन्हेशास्त्राच्या वर्गात आपली मुले हवीत

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच विषय निघतो : आता पुढे काय? नर्सिंग, आय.टी.आय., बँकेची परीक्षा, पोलीस भरती, जमल्यास इंजिनिअरिंग. या वाटा आई-वडिलांच्या माहितीच्या आहेत. शेजारच्या कोणाचा तरी मुलगा त्या वाटेने गेलेला असतो. पण अलीकडे काही मुले-मुली वेगळेच नाव घेऊन घरी येतात. "मला क्रिमिनॉलॉजी करायचंय," "मला गुन्हेगाराच्या मनाचा अभ्यास करायचाय," असे सांगतात. ऐकल्याबरोबर आईच्या काळजात धस्स होते. "चोर-दरोडेखोरांत बसायचं शिक्षण? मुलीच्या जातीला? उद्या सोयरीक जुळवताना काय सांगायचं?" वडील म्हणतात, "त्यापेक्षा बी.एड. कर. कोर्ट-कचेरी, पोलीस, जेल आपल्यापासून लांबच बरं."

वाचकहो, ही भीती आम्ही खोटी मानत नाही. पोलीस चौकीची पायरी चढण्याचा आपल्या माणसांचा अनुभव काही गोड नाही. पण नेमक्या याच कारणासाठी हा विषय आपल्या घरात समजून घेतला गेला पाहिजे. ज्या शास्त्राने एके काळी माणसांच्या जातीवरून त्यांना जन्मजात चोर ठरवले, त्या शास्त्राच्या वर्गात आज कोण बसते आणि कोण बसत नाही, हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

हा विषय नेमका आहे तरी काय?

सर्वप्रथम एक घोटाळा दूर करू. लोक तीन वेगवेगळ्या विषयांना एकाच नावाने ओळखतात.

पहिला विषय गुन्हेशास्त्र, म्हणजे क्रिमिनॉलॉजी. गुन्हा का घडतो, कोणत्या कृत्याला गुन्हा म्हणायचे हे कोण ठरवते, शिक्षेने माणूस सुधारतो की बिघडतो, पोलीस, न्यायालय आणि तुरुंग प्रत्यक्षात कसे चालतात, याचा हा अभ्यास. यात समाजशास्त्र, कायदा आणि आकडेवारी यांचा भरणा असतो. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बहुतेक ठिकाणी यात एम.ए. करता येते.

दुसरा विषय गुन्हेगारी मानसशास्त्र. गुन्हा करणाऱ्याचे, साक्षीदाराचे, पीडिताचे, इतकेच काय, न्याय देणाऱ्याचेही मन कसे चालते, हे त्यात शिकवतात. यासाठी आधी मानसशास्त्राचा पाया पक्का लागतो. म्हणजे बी.ए.ला मानसशास्त्र घेणे हाच सरळ मार्ग.

तिसरा विषय न्यायसहायक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक सायन्स. रक्त, बोटांचे ठसे, विष, हस्ताक्षर, बंदुकीची गोळी, मोबाइलमधला मजकूर यांची तपासणी. हे प्रयोगशाळेचे काम आहे आणि त्यासाठी अकरावीपासून विज्ञान शाखाच हवी. कला शाखेतून बी.ए. झाल्यावर या वाटेला वळता येत नाही. म्हणून दहावीनंतर शाखा निवडतानाच घरात हे बोलणे झाले पाहिजे.

टी.व्ही.वरच्या मालिकांत एक हुशार अधिकारी गुन्हेगाराच्या डोळ्यांत पाहतो आणि जागच्या जागी खुनी ओळखतो. ते पाहून पुष्कळ मुले या विषयाकडे ओढली जातात. त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे, की अशी नोकरी आपल्या देशात जवळजवळ नाही. खरे काम फाइली वाचण्याचे, तासन् तास माणसाचे ऐकून घेण्याचे, अहवाल लिहिण्याचे आणि आकडे पडताळण्याचे आहे. ते कंटाळवाणे वाटेल, पण त्या अहवालावर एखाद्याचे आयुष्य अवलंबून असते.

जन्मजात चोर कोणी ठरवले?

विद्यापीठात गेल्यावर विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी चेझारे लोंब्रोसो हे नाव भेटते. हा इटलीतला डॉक्टर. १८७६ साली त्याने एक ग्रंथ लिहून सिद्धांत मांडला, की पुष्कळसे गुन्हेगार जन्मतःच तसे असतात आणि त्यांची कवटी, जबडा, कान, कपाळ पाहून ते ओळखता येतात. त्याच्या मते गुन्हेगार म्हणजे माणसाच्या विकासात मागे राहिलेला रानटी जीव. युरोपात हा सिद्धांत गाजला. पुढे चार्ल्स गोरिंग या इंग्रज डॉक्टरने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेऊन ती साध्या माणसांशी ताडून पाहिली. १९१३ साली त्याने निष्कर्ष छापला : गुन्हेगाराचे म्हणून असे वेगळे शरीर नसते.

युरोपात हा वाद पुस्तकांत चालला होता. आपल्या देशात मात्र त्याच्याही आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला होता. त्यामागचा युक्तिवाद असा, की या देशात सुतारकी, विणकाम जसे पिढीजात, तशी चोरीही पिढीजात. ती त्या जातीची जातच आहे. म्हणजे लोंब्रोसोने कवटीत शोधला तो गुन्हेगार इंग्रजांना जातीत सापडला, आणि त्यांना तो सापडला कारण आपल्या समाजव्यवस्थेने जन्मावरून धंदा ठरवण्याची सोय आधीच करून ठेवली होती. या कायद्याखाली नोंद झालेल्या जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडायला परवाना घ्यावा लागे. १९११ साली या कायद्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाखाही त्यात आला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कितीतरी लोकांच्या पिढ्या जन्मतः आरोपी म्हणून जगल्या.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, आणि हे लोक विमुक्त म्हणवले जाऊ लागले. परंतु राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ साली आला. कागदावरची जात गेली तरी पोलिसाच्या डोक्यातली जात गेली नाही. आजही चोरी कुठेही होवो, पहिली धाड पारधी वस्तीवर पडते, हे गावोगावचे लोक जाणतात. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विद्यापीठातल्या कितीतरी जाड ग्रंथांपेक्षा गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी वाचावे असे ते पुस्तक आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न आपल्यापासून वेगळा मानला नव्हता. अस्पृश्य मूळचे कोण, यावर त्यांनी १९४८ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांना एका रांगेत ठेवून या संस्कृतीला जाब विचारला आहे. आपल्या आज्या-पणज्यांचीही यात एक जागा होती. गावकीच्या कामात चोराचा माग काढून तो शिवेपर्यंत पोचता करणे हे महाराच्या माथी होते. म्हणजे गावच्या मालमत्तेची राखण करायची, पण गावात जागा नाही. गुन्हा, राखण आणि संशय यांची जातवार वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे.

पुढे या शास्त्राने आपली चूक सुधारायला सुरुवात केली, हेही सांगितले पाहिजे. १९३९ साली एडविन सदरलँड या अमेरिकन अभ्यासकाने जाहीर भाषणात आपल्याच क्षेत्राला धारेवर धरले. तुम्ही फक्त गरिबाची चोरी मोजता, पांढरी कॉलर घालून कंपनीच्या कचेरीत बसून केलेली लूट मोजतच नाही, असे त्याचे म्हणणे होते. १९६३ साली हॉवर्ड बेकर याने दाखवले, की एखाद्यावर 'गुन्हेगार' असा शिक्का बसला की समाज त्याला सरळ वाट शिल्लकच ठेवत नाही. शिक्का माणसाला काय करतो, हे आपल्या लोकांना कोणा प्राध्यापकाने शिकवायला नको. परंतु ते पुराव्यासह, आकडेवारीसह, न्यायालयात टिकेल अशा भाषेत मांडायला मात्र शिकले पाहिजे. विद्यापीठ त्यासाठीच आहे.

शिक्षेने गुन्हा संपतो का, हा प्रश्नही नवा नाही. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात राजाला सल्ला दिलेला आहे, की मारून-बांधून चोऱ्या थांबायच्या नाहीत. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकराला पुरेसा पगार दे. गुन्ह्याचे मूळ कवटीत न शोधता पोटात शोधण्याचा हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे.

साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिले तरी...

आता मानसशास्त्राकडे वळू. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं" यापेक्षा मोठा पुरावा नाही, असे आपण समजतो. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या फिती दाखवल्या आणि गाडीचा वेग विचारला. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर 'धाडकन आदळल्या' तेव्हा किती होता? फिती त्याच, पण 'आदळल्या' ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. त्यातल्या काहींनी तर आठवड्याने फुटलेली काच पाहिल्याचेही सांगितले, आणि काच फुटलेलीच नव्हती! म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या एका शब्दाने आठवण बदलते. साक्षीदार खोटे बोलत नसतो. त्याची आठवणच बदललेली असते. मग पोलीस चौकीत दहा वेळा "हाच होता ना?" असे विचारल्यावर काय होत असेल?

याचे उत्तर आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात आहे. २००३ साली महाराष्ट्रात एका शेतमजूर कुटुंबावर भीषण हल्ला झाला. खून झाले, अत्याचार झाला. त्यासाठी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यानंतर खटला पुन्हा उघडला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. तेव्हा उजेडात आले, की वाचलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि ही गोष्ट न्यायालयापुढे नीट येऊच दिली गेली नव्हती. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्या बाईंनाही न्याय मिळाला नाही, कारण ज्यांनी तो गुन्हा केला ते मोकळेच राहिले. चुकीच्या माणसाला फासावर चढवले की गुन्हेगार आणि पीडित या दोन्ही बाजूंचा हिशेब चुकतो.

खोटे पकडण्याच्या यंत्राविषयीही मोठा गैरसमज आहे. लाय डिटेक्टर खोटे पकडत नाही. तो नाडी, श्वास, घाम मोजतो. खरे बोलणारा पण घाबरलेला माणूसही घामाघूम होतो. गुंगीचे इंजेक्शन देऊन केलेली नार्को चाचणीही अशीच भरवशाची नाही. २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की माणसाच्या संमतीविना या चाचण्या करता येणार नाहीत. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराला हे ठाऊक असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आई-वडिलांसाठी. टेरी मॉफिट या संशोधक बाईंनी १९९३ साली मांडले, की वाकडी वाट धरणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे ते वागणे पौगंडावस्थेपुरते असते. वय वाढले, काम लागले, जबाबदारी आली की ते सुटते. फार थोड्यांच्या बाबतीत ते लहानपणापासून सुरू होऊन पुढेही चालू राहते. म्हणजे सोळाव्या वर्षी कोणा टोळक्याबरोबर फिरणारा मुलगा कायमचा बिघडला, असे शास्त्र म्हणत नाही. त्या वयात त्याला तुरुंगात सराईतांच्या सोबतीला बसवले तर मात्र वाट बंद होऊ शकते. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप आला, तर बाल न्याय मंडळाला त्याच्या मानसिक कुवतीची आणि परिस्थितीची प्राथमिक पाहणी करावी लागते. त्याचा खटला प्रौढांसारखा चालवावा की नाही, हे त्यावर ठरते. ही पाहणी करणारा मानसशास्त्रज्ञ त्या मुलाच्या चाळीचे, झोपडपट्टीचे जगणे ओळखणारा असला, तर त्याच्या अहवालात ते उतरेल. नाही तर मुलाची शिवराळ भाषा हीच त्याच्या विकृतीची खूण म्हणून लिहिली जाईल.

तुरुंगात कोण आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. त्यांतले ४ लाख ३४ हजार ३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतले तीन जण असे, ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. त्यांतला सुमारे पाचवा हिस्सा अनुसूचित जातींचा. जामीन मंजूर होऊनही पैसे भरायला नाहीत म्हणून आत राहिलेले लोक यात असतात. घरचा कमावता माणूस आत गेला, की बाहेर बायको धुण्याभांड्याला लागते आणि मुलाची शाळा सुटते.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी फाशीच्या कैद्यांचा अभ्यास करून २०१६ साली अहवाल काढला. फाशी सुनावलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक मागास जाती-जमाती आणि धार्मिक अल्पसंख्याकांतले निघाले, आणि जवळपास तेवढेच आर्थिकदृष्ट्या दुबळे. त्याच विद्यापीठातल्या २०२१ च्या दुसऱ्या अहवालात, तपासलेल्या ८८ कैद्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणांना मानसिक आजार आढळला. २०२२ साली मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की फाशी देण्यापूर्वी त्या माणसाचे बालपण, शिक्षण, परिस्थिती आणि मनाची अवस्था यांची माहिती न्यायाधीशापुढे आली पाहिजे. ही माहिती त्याच्या गावी जाऊन, त्याच्या आईशी बोलून गोळा करणारे शिकलेले लोक आज हवे आहेत.

तुरुंगातली जातही नुसती बोलण्यापुरती नव्हती. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा, हे जातीवर ठरलेले होते. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ते शोधून छापले आणि न्यायालयात दाद मागितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी! तोवर त्या नियमावल्या कपाटात बंद नव्हत्या, रोज वापरात होत्या. त्या वाचून प्रश्न विचारणारे कमी होते.

पीडिताच्या बाजूने कोण?

कोणी म्हणेल, "तुम्ही तर गुन्हेगारांचीच बाजू घेता." तसे मुळीच नाही. आपल्या समाजाने गुन्हे सोसलेले आहेत. २००६ चे खैरलांजी आपण विसरू शकत नाही. गुन्हेशास्त्राची एक शाखाच पीडितांच्या अभ्यासाची आहे. फिर्याद का नोंदवली जात नाही, साक्षीदार का फुटतात, अत्याचार झालेल्या स्त्रीला न्यायालयात पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावले की तिच्या मनाचे काय होते, नुकसानभरपाई हातात केव्हा पडते, हे त्या शाखेचे प्रश्न आहेत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. ते २०१६ पासून लागू आहे. त्यातले हक्क किती जणांना मिळतात, हे गावोगाव फिरून तपासणारा संशोधक आपल्यातून निघाला पाहिजे. मोर्चा हवाच; पण मोर्चाच्या हातात पक्के आकडे असले की सरकारला उत्तर देणे भाग पडते.

शिकायचे कुठे आणि पैशाचे काय?

मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तिथल्याच 'प्रयास' या प्रकल्पाने १९९० पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत समाजकार्यकर्ते पाठवून कच्च्या कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मदत केली आहे. मध्य प्रदेशात सागर विद्यापीठात १९५९ पासून या विषयाचा विभाग आहे. धारवाड, मद्रास आणि तिरुनेलवेली येथील विद्यापीठांतही विभाग आहेत. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय झाले. त्याची केंद्रे दिल्ली आणि गोव्यातही आहेत, आणि मानसशास्त्राची बाजूही तिथे शिकवतात. प्रयोगशाळेची वाट धरणाऱ्यांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. प्रवेश परीक्षेचे नियम बदलत असतात. म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, सांगोवांगीवर जाऊ नये.

एक इशारा. तीन महिन्यांत 'डिटेक्टिव्ह' किंवा 'क्रिमिनल प्रोफायलर' बनवतो म्हणणाऱ्या खासगी वर्गांच्या जाहिराती जागोजागी दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. तसेच, मानसिक रुग्णांवर उपचार करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते; ती नुसत्या एम.ए.वर मिळत नाही. पुढची दोन-तीन वर्षे धरूनच घरचा हिशेब मांडावा.

पैशाची सोय आहे, पण धावपळ करावी लागते. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. पीएच.डी.साठी पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आणि परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंब्रिज विद्यापीठात १९५९ पासून गुन्हेशास्त्राची संस्था आहे; तिथवर आपली मुलगी का जाऊ नये? बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. म्हणून केंद्रीय संस्थेत अर्ज करताना केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेळेत काढावा. जात वैधता प्रमाणपत्रासाठी तर अकरावीतच अर्ज करून मोकळे व्हावे. शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदा उशिरा येते. पहिल्या सहामाहीचा खर्च हाताशी ठेवावा, म्हणजे मुलाला मधूनच शिक्षण सोडायची पाळी येणार नाही.

नोकरी? पुष्कळ जागा आहेत असे आम्ही सांगणार नाही. पण वाटा आहेत. परिविक्षा अधिकारी, निरीक्षणगृहातले समुपदेशक, विधी सेवा प्राधिकरणाबरोबर काम करणारे कार्यकर्ते, प्रयोगशाळेतले तज्ज्ञ. बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात आणि त्यांत एक स्त्री असावीच लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाने जाण्याची तरतूद आहे. तिची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी होईल तशी माणसे लागतील. प्राध्यापक व्हायचे तर नेट परीक्षेत गुन्हेशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. शिवाय पोलीस उपनिरीक्षक किंवा तुरुंग अधिकारी होणाऱ्या मुलाने हा विषय शिकलेला असला, तर त्याच्या ठाण्यात आलेल्या गरीब माणसाला त्याचा फरक पहिल्या दिवशी जाणवेल.

मुलीच्या आईला दोन शब्द

मुलीने हे शिकावे का? आमचे उत्तर आहे, अवश्य शिकावे. कैदी स्त्रिया, त्यांच्याबरोबर तुरुंगात राहणारी त्यांची लहान मुले, बलात्कारपीडित मुली यांच्याशी बोलायला स्त्रियाच लागतात. ती गुन्हेगारांच्या संगतीला जात नाही. डॉक्टरीण रोग्यांत वावरते म्हणून कोणी तिला रोगी म्हणत नाही. मात्र या अभ्यासाचा मनावर ताण येतो. रोज क्रौर्याच्या कहाण्या वाचून मुलगी घरी गप्प बसेल, रात्री झोपणार नाही. तेव्हा "तूच निवडलंस ना?" असा टोमणा मारू नका. जवळ बसा, चहा करून द्या, तिला बोलू द्या. आणि वडिलांनी सोयरिकीची काळजी थोडी लांबवावी. ज्या घराला सुनेचे शिक्षण झेपत नाही, त्या घरात मुलगी देऊन तरी काय साधणार?

जिल्ह्याच्या ठिकाणी बाल न्याय मंडळ बसते. तिथे एखाद्या दुपारी कोणाचा तरी मुलगा मान खाली घालून उभा असतो आणि त्याची आई पदराचा बोळा तोंडाशी धरून बाहेरच्या बाकावर बसलेली असते. टेबलापलीकडे बसून त्या मुलाला "जेवलास का?" असे पहिल्यांदा विचारणारी व्यक्ती कोण असावी? ती आपल्या वस्तीतून शिकून गेलेली असावी, असे वाटत असेल, तर यंदा बारावी झालेल्या मुलाचे म्हणणे नीट ऐकून घ्या आणि त्याच्याबरोबर माहितीपत्रक वाचायला बसा.